रोड बाइकसाठी हलकी चाकं: वीस हजारांच्या आतल्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

सकाळी सायकल धुतली, साखळी पुसली, हँडलला झेंडूची माळ घातली. आईनं स्कूटरला आणि सायकलला एकाच ताटातून हळदकुंकू लावलं. पूजा आटोपल्यावर दोन्ही चाकं काढली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं उपडं घालून त्यावर ठेवली. चाकं हलकी करायचं काम दसऱ्यालाच सुरू करायचं हे महिनाभर मनात होतं.

पुढचं चाक, टायर-ट्यूब काढून पण रिमच्या आतली पट्टी तशीच ठेवून, ९८५ ग्रॅम. मागचं, कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्या) उतरवून, १,२७५. म्हणजे जोडी २,२६०. टायर ३३८ आणि ३४४. ट्यूब १०८ आणि ११०. सगळं मिळून ३,१६० ग्रॅम.

सायकल अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची, मागे नऊ गिअर, ब्रेक रिमवर चावणारे. पाच वर्षांपूर्वी जुनी घेतली होती, पूर्ण वजन १०.६ किलो. माझं ७१. बाटल्या, पंप, कपडे धरून रस्त्यावर ८३ किलो चालतात असं धरलं आहे.

पैसे: २०,०००. त्यापुढे एक रुपया नाही. आणि एक अट पैशांपेक्षा मोठी आहे: चाक बिघडलं तर ते इंदुरातच नीट झालं पाहिजे.

१३ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी कालचा कागद वाचला आणि विचारलं, “किती कमी करायचं म्हणतोस?”

“निदान अर्धा किलो.”

“मग पाण्याची एक बाटली कमी ने. फुकटात होतं.”

प्रश्न योग्य होता, म्हणून दोघं टेबलावर हिशेब मांडून बसलो. बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते, १९९१ मध्ये मिल बंद पडल्यावर सांवेर रोडवर लेथवर काम केलं. फ्लायव्हील म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नाही. फ्रेमवरचा अर्धा किलो फक्त पुढे जातो. रिमवरचा अर्धा किलो पुढेही जातो आणि फिरतोही, म्हणून वेग घेताना तो जवळजवळ दुप्पट मोजावा लागतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्या वेगाला आणायला फ्रेमवरच्या अर्ध्या किलोला २५ जूल लागतात, रिमवरच्याला ५०. पण माझ्यासकट सगळ्या ओझ्याला लागतात ४,१५०. म्हणजे दुप्पट धरूनही फरक जेमतेम सव्वा टक्का, आणि तोही फक्त वेग घेताना. एकसारख्या वेगानं चालताना फिरणाऱ्या वजनाचा वेगळा दंड काहीच नाही. चढावर तर ग्रॅम कुठेही असो, सारखाच ओढावा लागतो.

बाबा म्हणाले, “म्हणजे हब हलका करायला पैसे घालू नकोस. कडेचं वजन कमी कर.”

पुढच्या सगळ्या खरेदीचा नियम इथेच ठरला. हब म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, फिरण्यात त्याचा वाटा नगण्य. टायर आणि ट्यूब तर रिमच्याही बाहेर.

२० ऑक्टोबर, रविवार

काही बदलायच्या आधी एक मोजणी हवी म्हणून जानापाव. पहाटे पाचला राजेंद्रनगरहून निघालो. राऊ, महू, मग मानपूरच्या दिशेनं महामार्ग आणि तिथून डोंगराचा फाटा. चंबळ या डोंगरात उगम पावते, आणि परशुरामाचं जन्मस्थान म्हणून वर कायम भाविकांची वर्दळ असते. त्यामुळे चढ मोजायचा तर उजाडताच मोजायचा.

फाट्यानंतरच्या ठरलेल्या दगडापासून वरच्या वाहनतळापर्यंत २१ मिनिटं ४० सेकंद. वारा नव्हता. दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. पुढच्या वेळीही भरलेल्याच ठेवीन, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

उतारावर सतत ब्रेक धरावा लागला. खाली येऊन रिमला बोट लावलं तर टेकवेना. हे लक्षात ठेवायचं आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर रात्री फक्त पर्याय पाहिले. समोर तीन वाटा आहेत.

पहिली, तयार हलकी जोडी. पुण्याचा मावसभाऊ त्याची कॅम्पॅग्नोलो झोंडा द्यायला तयार आहे, घरातली किंमत लावून. कंपनीनं सांगितलेलं वजन १,५४० ग्रॅम, आणि चाक खरोखर देखणं आहे: पुढे १६ स्पोक (तारा), मागे २१, मागचे तीन-तीनच्या झुपक्यात. रिमला आतून भोकंच नाहीत, म्हणून पट्टी लागत नाही. निप्पल (स्पोक आवळणारे छोटे नट) व्हॉल्व्हच्या भोकातून आत सोडून चुंबकानं जागेवर ओढून आणायचे असतात. इतकं विचार करून केलेलं काम पाहून हात जोडावेसे वाटतात. पण एक स्पोक तुटला तर? तो त्याच चाकासाठी घडवलेला स्पोक आहे, इथल्या कुठल्याही डब्यात सापडणार नाही. आणि १६ मधला एक गेला की उरलेले १५ चाकाला एवढं ओढतात की ते ब्रेकमधून फिरत नाही. मानपूरला हे झालं तर टेम्पोच करावा लागेल. मावसभावाला मनापासून धन्यवाद देऊन नाही कळवलं.

दुसरी, स्वस्त कार्बन. रविवारच्या आमच्या टोळीतल्या एकानं गेल्या वर्षी बिननावाची कार्बनची जोडी मागवली. वजन चांगलं निघालं, पण भेरूघाटाच्या उतारावर लांब ब्रेक धरल्यावर मागच्या रिमची कड फुगली. कार्बन उष्णता अ‍ॅल्युमिनियमसारखी पसरवून टाकत नाही. ब्रेकचा घास जिथे बसतो तिथेच ती साठते आणि आतली राळ मऊ पडते. चांगल्या प्रतीच्या राळेचं कार्बन हे सोसतं, पण ते माझ्या वीस हजारांत बसत नाही. डिस्क ब्रेक असते तर वेगळा विचार केला असता. मला रिमवरच ब्रेक लावायचा आहे आणि जानापाववरून खालीही यायचं आहे, तेव्हा हा पर्याय बंद.

तिसरी, चाक घरी विणणं. अ‍ॅल्युमिनियमची दोन कप्प्यांची रिम, साधा सीलबंद बेअरिंगचा हब, गोल स्पोक. वजनात झोंडाशी बरोबरी होणार नाही, पण प्रत्येक भाग सुटा मिळेल आणि बदलता येईल.

मन तिसऱ्याकडेच आहे. पण त्याआधी टायर.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

आत्या लोकमान्यनगरहून आली. हॉलमध्ये उघडी चाकं पाहून म्हणाली, “दिवाळीत घरात पणत्या लावतात रे, हे काय मांडून ठेवलंयस?” सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं तिनं, मग एक स्पोक बोटानं छेडला आणि म्हणाली, “बेसूर आहे.” जाता जाता दुसरा छेडला. “हाही.”

तेव्हा फक्त ऐकून घेतलं. लिहून ठेवतो.

१० नोव्हेंबर, रविवार

टायर आणि ट्यूब बदलले. टायर घडी होणारे, २५ मिमी, कडेला तारेऐवजी अरामिड धागा: २२६ आणि २२९ ग्रॅम. ट्यूब टीपीयूच्या, म्हणजे रबराऐवजी पातळ प्लॅस्टिकच्या: ३८ आणि ३९. तळहातावर ठेवली तर फुग्यासारखी. टायरमध्ये २२७ ग्रॅम वाचले, ट्यूबमध्ये १४१, एकूण ३६८. खर्च ६,९००. म्हणजे ग्रॅमला पावणेएकोणीस रुपये, आणि सगळे ग्रॅम अगदी बाहेरच्या कडेचे.

टीपीयू घेताना पाकीट नीट वाचावं. काहींवर फक्त डिस्क ब्रेकसाठी असं स्पष्ट छापलेलं असतं. रिम तापली तर ती ट्यूब धोक्याची. मी घेतलेल्यांवर रिम ब्रेक चालतो असं लिहिलं आहे. तरी उतारावर ब्रेक सतत धरायचा नाही, पुढचा-मागचा आलटून पालटून आणि सोडून सोडून दाबायचा, हे या निमित्तानं अंगवळणी पाडायचं ठरवलं. आणखी दोन गोष्टी: ही ट्यूब टायरबाहेर जास्त फुगवली की आकार कायमचा बिघडतो, आणि नेहमीच्या रबर सोल्युशननं तिचं पंक्चर निघत नाही, तिचे ठिगळ वेगळे. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात म्हणून सीटखालच्या पिशवीत जुनीच काळी ट्यूब ठेवली आहे. अडचणीत ती कुठल्याही टपरीवर जोडून मिळते.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा जानापाव. चाकं तीच, टायर-ट्यूब नवे. २१ मिनिटं ९ सेकंद. ३१ सेकंद कमी.

घरी येऊन हिशेब केला तेव्हा थक्क झालो. ३६८ ग्रॅम म्हणजे ८३ किलोंपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याचे सहा सेकंद होतात. उरलेले पंचवीस कुठून आले? टायर रस्त्यावर दबतो, सुटतो, त्यात शक्ती खर्च होते. जुना टायर जाड, कडक रबराचा. नवा पातळ आणि मऊ विणीचा. दोघांच्या लोळण्याच्या विरोधात हजारी फक्त दोनचा फरक धरला तरी ८३ किलोंवर तो दीड न्यूटनच्या वर जातो. सात टक्के चढावर मला मागे ओढणारं बळ ५७ न्यूटन. म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास, आणि वीस-एकवीस मिनिटांत तीन टक्के म्हणजे अर्ध्या मिनिटाहून जास्त. एका फेरीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही, आज पाय ताजे असतील. पण दिशा हीच आहे याबद्दल शंका उरली नाही.

हलक्या चाकांसाठी पैसे साठवणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी टायर दाखवायला सांगेन. तारेच्या कडेचा जाड टायर ठेवून वर हजारो रुपयांची चाकं घेणारे आमच्याच टोळीत तिघं आहेत. उद्याच बोलतो त्यांच्याशी.

हवाही कमी केली. ११० पीएसआयऐवजी पुढे ८०, मागे ८५. सिमेंटच्या रस्त्यांच्या सांध्यांवर मनगटांना जो ठेका बसायचा तो निम्म्यानं कमी झाला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी जूनी इंदुरात उस्तादांकडे. वय सत्तरीच्या पुढे, दुकान म्हणजे एक ओटा आणि वर टांगलेल्या रिंगा. लहानपणी बाबांच्या काळ्या सायकलच्या चाकाचं आऊट, म्हणजे डावी-उजवीकडचा वाक, ते काढायचे, आता माझ्या चाकांचं काढतात. रिमला ते रिंगच म्हणतात, स्पोकला तारा.

मी विचारलं, पुढे २४ आणि मागे २८ भोकांची रिम घेतली तर? साठ-सत्तर ग्रॅम वाचतात.

त्यांनी टांगलेल्या काळ्या रिंगांकडे बोट केलं. जुन्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. मागच्या चाकावर ओझं जास्त, म्हणून मागे जास्त. हे ठरवणाऱ्यांना वजन कळत नव्हतं असं नाही. मग म्हणाले, “भिया, तार कम करोगे तो हर तार को ज्यादा रोना पड़ेगा.”

यापेक्षा नेमकं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. दोन्हीकडे ३२ ठरलं. ३२ भोकांचा फायदा असाही की रिम घासून संपली की दुसरी सहज मिळते, हब आणि बहुतेक वेळा विणही तीच राहते. माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल ब्रेकच्या रबरात बसतो आणि रिमवर पॉलिशपेपरसारखा चालतो. दोन-तीन पावसाळ्यांत ब्रेकची कड झिजून आत बाक येतो. रिम ही झिजणारी वस्तू आहे हे धरूनच चाक निवडलं पाहिजे.

स्पोक मधे बारीक केलेले, टोकांना २ मिमी आणि मधे १.८. साध्या २ मिमीच्या स्पोकपेक्षा जोडीमागे साठेक ग्रॅम वाचतात, आणि गंमत म्हणजे मजबुतीही वाढते. बारीक भाग किंचित ताणतो, त्यामुळे खड्ड्यातला धक्का वाकणाच्या जागी, जिथे स्पोक तुटतो तिथे, कमी बसतो. निप्पल मात्र पितळेचे. अ‍ॅल्युमिनियमचे घेतले असते तर आणखी चाळीसेक ग्रॅम गेले असते, पण ते पावसात गंजून रिमला चिकटतात आणि चावी लावली की गोल होतात. उस्तादांनी तसा एक डबा काढून दाखवला. तिथेच विषय संपला.

२४ नोव्हेंबर, रविवार

रिमा आल्या. ४६८ आणि ४७२ ग्रॅम, २५ मिमी खोल, बाहेरून २३ मिमी रुंद. जोडी ४,६००.

इथे एक चूक होता होता राहिली. स्पोकची लांबी काढायला रिमचा आतला व्यास लागतो, म्हणजे समोरासमोरच्या दोन निप्पलांच्या बैठकींमधलं अंतर. विकणाऱ्याच्या पानावर ५९६ मिमी दिलेलं. त्यावरून मी स्पोक मागवणारच होतो. बाबा म्हणाले, वस्तू हातात असताना कागद कशाला मोजतोस? दोन जुने स्पोक कापले, निप्पल चढवून समोरासमोरच्या भोकांत घातले, ओढून धरले आणि त्यांनी व्हर्नियर आणि पोलादी टेप लावला. चार ठिकाणी मोजलं. ५९२. चार मिमीचा फरक, म्हणजे प्रत्येक स्पोक दोन मिमी लांब आला असता, पेच संपून निप्पल पुढे सरकलाच नसता, आणि ६४ स्पोकचे पैसे पाण्यात. दोन्ही रिमा मोजल्या, दोन्ही ५९२.

१ डिसेंबर, रविवार

हब आले. पुढचा ९२ ग्रॅम, मागचा २६८, किंमत ४,८००. याहून हलके होते, दाम दुप्पट. बाबांचा नियम आठवला आणि सोडून दिले. मी हब निवडला तो बेअरिंगचा आकडा बघून. मागच्यात ६९०२ आहेत: आतलं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास २८, जाडी ७. हा आकडा सांगितला की सियागंजात बेअरिंगवाला ड्रॉवर उघडतो. बाबा एवढं ऐकून खूश झाले. शिमानोच्या हबात छर्रे आणि कोन असतात, तेही मला आवडतात, उस्तादांना तर तेच आवडतात. पण कोनाला खाच पडली की तोच कोन शोधावा लागतो.

मग लांबी. पुढच्या फ्लँजच्या (हबच्या भोकं असलेल्या कडेच्या) भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४४ मिमी, मध्यापासून फ्लँज ३५ मिमीवर. प्रत्येक स्पोक आपल्याच बाजूच्या तिघांना ओलांडणार, ३२ स्पोकच्या चाकात त्याचा कोन ६७.५ अंश. पायथागोरस आणि कोज्या, शाळेतलंच गणित. पुढे २८९.२ निघाले. मागे तो व्यास ४९. डावी फ्लँज मध्यापासून ३६ वर, उजवी कॅसेटला जागा द्यायची म्हणून फक्त १७.५ वर. डावीकडे २८८.६, उजवीकडे २८६.८. स्पोक सम मापांतच मिळत होते, म्हणून खाली धरलं: २८८ चे ५२ आणि २८६ चे १८, सहा जादा धरून. लांबीपेक्षा किंचित आखूड चालतो, लांब चालत नाही. १,७५० रुपये, निप्पलसकट.

१५ डिसेंबर, रविवार

विणकाम. दुपारी जेवण झाल्यावर हॉलमधल्या सतरंजीवर बसलो, उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

पेचांना जवसाचं तेल लावलं. घट्ट करताना ते वंगणाचं काम करतं आणि वाळल्यावर चिकट धरून ठेवतं. स्पोक एकाआड एक, आधी आतून बाहेर जाणारे, मग हब फिरवून बाहेरून आत येणारे. तिसरं ओलांडताना स्पोक दुसऱ्याच्या खालून काढायचा, म्हणजे दोघं एकमेकांना टेकून राहतात. पुढचं चाक दोनदा उसवलं, कारण व्हॉल्व्हचं भोक एकमेकांकडे झुकणाऱ्या स्पोकच्या चिमट्यात आलं. तिथे पंपाचं तोंड बसत नाही. ते समांतर जाणाऱ्या दोघांच्या मधे यायला हवं. तिसऱ्यांदा बरोबर आलं, आणि व्हॉल्व्हच्या भोकातून पाहिलं तर हबवरचं नाव समोर. उस्ताद हे बघतात, म्हणून मीही बघितलं.

मागचं एकाच दमात झालं.

२२ डिसेंबर, रविवार

ताण देणं हेच खरं काम. सायकल उलटी करून फ्रेमलाच दोन प्लॅस्टिकचे बंद बांधले, त्यांची टोकं रिमपासून केसभर अंतरावर. त्यावर डावी-उजवी आणि वर-खाली पाहायचं. आधी उंचवटे काढायचे, मग आऊट; उलटं केलं की दोन्ही बिघडतं. एका वेळी चावी पाव फेरा. दर फेरीनंतर समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबायच्या. पहिल्यांदा दाबलं तेव्हा टण् टण् आवाज झाले. पीळ खाल्लेले स्पोक सरळ होत होते. घरीच हे करून घेतलं नाही तर ते रस्त्यावर सुटतात आणि चाक पहिल्याच दिवशी आऊट होतं.

मागच्या चाकात दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवता येत नाही. उजवी फ्लँज १७.५ वर आणि डावी ३६ वर, तेव्हा रिम मधे राहायची तर डावीकडचा ताण उजवीच्या ४९ टक्केच येणार. उजवीकडे ११५ किलोचा ताण, डावीकडे ५६. हे फ्रेमच्या मापातच आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. माझ्याकडे ताण मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून आत्याला बोलावलं.

आत्या चाळीस वर्षं गाणं शिकवते. तिनं मोबाइलवर तानपुरा लावला आणि एकेक स्पोक छेडायला सुरुवात केली. “हा चढलाय. हा उतरलाय. हा बरोबर.” सारख्या लांबीच्या आणि जाडीच्या स्पोकचा सूर सारखा असेल तर ताणही सारखा, याहून साधी कसोटी नाही. पुढचं चाक अर्ध्या तासात एका सुरात आलं. मागच्याला ती थबकली. “डावीकडचा सा धरला तर उजवीकडे तीव्र मध्यम लागतोय. मुद्दाम?”

मी कागद घेऊन बसलो. सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. ताण ४९ टक्के, वर्गमूळ ०.७. उलटं केलं की १.४३. तीव्र मध्यमाचं षड्जाशी नातं १.४१ च्या आसपास. तिच्या कानानं फ्लँजचं अंतर मोजलं होतं! अंगावर काटा आला. मुद्दामच आहे म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मग हे दोन डावीकडचे उतरलेत, ते चढव.”

त्यानंतर चाक उस्तादांकडे नेलं. त्यांनी स्टँडवर चढवून फिरवलं, चार मुठी दाबल्या, एका निप्पलला पाव फेरा दिला. घ्यायचे पैसे घेतले नाहीत.

जोडीचं वजन, पट्टीसकट: १,७८४. जुन्यापेक्षा ४७६ ग्रॅम कमी. पट्ट्यांचे २५० धरून खर्च ११,४००, ग्रॅमला २४ रुपये. टायरमधल्या ग्रॅमपेक्षा महाग. टायरसकट एकूण १८,३००, वाचलेलं वजन ८४४ ग्रॅम.

२९ डिसेंबर, रविवार

कॅसेट घट्ट होईना. लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) शेवटपर्यंत आवळली तरी चकत्या हलत होत्या. नवा हब अकरा गिअरसाठीचा, त्याचा फ्रीहब (ज्यावर कॅसेट चढते तो भाग) १.८५ मिमी लांब. नऊच्या कॅसेटमागे तेवढी चकती लागते. ती हबच्या खोक्यात नव्हती आणि दुकानात लगेच मिळेना. बाबांनी सांवेर रोडला जुन्या सोबत्याला फोन केला. संध्याकाळी अ‍ॅल्युमिनियमची चकती घरी आली. व्हर्नियरवर नेमकी १.८५.

रिम रुंद आहे म्हणून ब्रेकची केबल सैल करून पुन्हा बांधली. रबर टायरला लागत नाहीत ना, हे दोनदा पाहिलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

पहिली मोठी फेरी, सुपर कॉरिडॉरवरून हातोदच्या बाजूला, ६० किलोमीटर. थंडी कडक, पहिले दहा किलोमीटर बोटं जागेवर नव्हती. सिग्नलवरून निघताना फरक कळतो. पॅडल दाबलं की चाक मागे राहत नाही. सपाटीवर एकदा वेग धरल्यावर काही कळत नाही, आणि कळायला नकोच होतं; तिथे सगळी झुंज हवेशी, म्हणजे माझ्या खांद्यांशी. रिम आणखी खोल नाही याची खंत नाही.

घरी येऊन पुन्हा सूर तपासले. मागे डावीकडे एक उतरलेला. अर्धा फेरा.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

संध्याकाळी तिळगूळ द्यायला सायकलवरून आत्याकडे गेलो. परत आल्यावर मागच्या हबला मांजा गुंडाळलेला दिसला, बेअरिंगच्या झाकणापर्यंत शिरलेला. चिमट्यानं एकेक फेरा काढायला पाऊण तास गेला. या दिवसांत रोज हब पाहावा, पुढचा आधी. मांजा झाकणाखाली गेला की सील कापतो. आणि गळ्याला काहीतरी गुंडाळल्याशिवाय या आठवड्यात निघू नये.

१९ जानेवारी, रविवार

जानापाव, तिसरी मोजणी. त्याच दगडापासून, दोन बाटल्या भरून. २० मिनिटं ५८ सेकंद.

ऑक्टोबरपेक्षा ४२ सेकंद कमी. त्यातले ३१ नोव्हेंबरातच टायर-ट्यूबनं घेतले होते. नव्या चाकांच्या वाट्याला ११. हिशेबानं ४७६ ग्रॅमचे सात यायला हवेत, उरलेले चार पायांचे किंवा सकाळच्या हवेचे. ६,९०० रुपयांत ३१ सेकंद आणि ११,४०० रुपयांत ११. वाचणाऱ्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवून आपापलं ठरवावं. पहिलंच करायचं असेल तर तिथेच थांबलं तरी चालेल. माझी जुनी चाकं मागून झिजली होती आणि ती कधीतरी बदलायचीच होती, म्हणून दुसरंही केलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

उतारावर ब्रेक सोडून सोडून धरला. खाली येऊन रिमला बोट लावलं. कोमट.

२६ जानेवारी, रविवार

४०० किलोमीटर झाले. चाक फ्रेममध्ये फिरवलं. आऊट नाही, उंचवटा नाही, सूर जागेवर. ब्रेकच्या कडेची जाडी व्हर्नियरनं मोजून रिमच्या आतल्या पट्टीवर पेनानं तारखेसह लिहून ठेवली. दर पावसाळ्यानंतर मोजायची.

जुनी चाकं उस्तादांना दिली. त्यांनी पुढचं उसवलं तेव्हा रिम काट्यावर ठेवली: ६१८ ग्रॅम. नातवाला हातात दिली आणि सांगितलं, आधी भोकं मोज. तो ओट्यावर बसून मोजत होता, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ३२ म्हणाला.